पॉवर मॉस्फेटचा स्विचिंग वेग कशामुळे मर्यादित होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉवर सप्लाय, मोटर कंट्रोलर किंवा इन्व्हर्टर बनवणारे विद्यार्थी आणि दुरुस्तीचे काम करणारे तंत्रज्ञ मॉस्फेटच्या वेगाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मॉस्फेट म्हणजे गेट या टोकावरील व्होल्टेजने ड्रेन आणि सोर्स या दोन टोकांमधील प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी आयआरएफ५४०एन हा १०० व्होल्टचा मॉस्फेट घेतला आहे. तो जुना आहे आणि आज त्याहून सरस भाग मिळतात. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तो सहज मिळतो, आणि या विषयाला लागणारे जवळजवळ सगळे आकडे त्याच्या डेटाशीटमध्ये सापडतात.

मॉस्फेट व्होल्टेजवर चालतो, गेटमध्ये प्रवाह जात नाही, असे शिकवले जाते. मग त्याला एक-दोन अँपिअरचा ड्रायव्हर (गेट चालवणारा परिपथ) कशाला लागतो?

ते विधान स्थिर अवस्थेपुरते खरे आहे. मॉस्फेट एकदा चालू किंवा बंद झाला की गेटमधून जाणारा प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये मोजावा इतका क्षुल्लक असतो. पण गेट आणि सोर्स यांच्यामध्ये ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आहे, म्हणजेच तेथे एक कपॅसिटर आहे, आणि मॉस्फेटची अवस्था बदलायची तर त्या कपॅसिटरमध्ये ठरावीक चार्ज भरावा किंवा त्यातून काढावा लागतो. आयआरएफ५४०एनचे गेट १० व्होल्टपर्यंत नेण्यासाठी जास्तीत जास्त ७१ नॅनोकूलोम चार्ज लागतो. हा चार्ज १ अँपिअरने भरला तर ७१ नॅनोसेकंद लागतील, आणि २० मिलिअँपिअरने भरला तर साडेतीन मायक्रोसेकंदांहून अधिक. चार्ज तोच राहतो. वेळ ठरतो तो प्रवाहावरून. पुढील बहुतेक उत्तरे या एका भागाकारावर उभी आहेत.

सिलिकॉनची स्वतःची मर्यादा किती आहे? इलेक्ट्रॉनना आरपार जायला वेळ लागतोच ना?

लागतो, पण तो फारच थोडा. सिलिकॉनमध्ये तीव्र विद्युतक्षेत्राखाली इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख मीटर या पातळीवर स्थिरावतो. ६०० व्होल्टच्या मॉस्फेटमधील ड्रिफ्ट थर (बंद असताना व्होल्टेज झेलणारा थर) साधारण ५० मायक्रोमीटर जाडीचा धरला, तर तो ओलांडायला अर्धा नॅनोसेकंद पुरतो. १०० व्होल्टच्या मॉस्फेटमध्ये हा थर १० मायक्रोमीटरहूनही पातळ असल्याने ०.१ नॅनोसेकंद. प्रत्यक्षात आपल्याला दिसणारे स्विचिंग मात्र २० ते १०० नॅनोसेकंदांचे असते. म्हणजे उशीर इलेक्ट्रॉन करत नाहीत, तो मॉस्फेटच्या कपॅसिटन्समुळे आणि भोवतालच्या तारांमुळे होतो.

बायपोलर ट्रान्झिस्टरशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. त्यात बेसच्या भागात साठलेले अल्पसंख्य वाहक निघून जाईपर्यंत ट्रान्झिस्टर बंद होत नाही, आणि जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये हा साठवण-काळ काही मायक्रोसेकंदांचा असे. मॉस्फेटच्या चॅनलमधून बहुसंख्य वाहकच वाहतात, त्यामुळे हा काळ त्यात मुळातच नाही.

चालू होताना क्षणोक्षणी नेमके काय घडते?

मोटर किंवा इंडक्टरसारखा लोड आहे, त्याच्यावर फ्रीव्हीलिंग डायोड (मॉस्फेट बंद असताना लोडच्या प्रवाहाला वाट देणारा डायोड) आहे आणि गेटला १२ व्होल्टचा ड्रायव्हर जोडला आहे, असे समजू. पहिल्या टप्प्यात गेट-व्होल्टेज शून्यावरून थ्रेशोल्डपर्यंत, म्हणजे मॉस्फेट चालू होऊ लागतो त्या व्होल्टेजपर्यंत, चढते. या काळात ड्रेनवर काहीही घडत नाही; हा निव्वळ विलंब असतो. दुसऱ्या टप्प्यात ड्रेनचा प्रवाह शून्यापासून लोडच्या प्रवाहाइतका वाढतो, पण ड्रेनचे व्होल्टेज अजून पूर्ण असते, कारण लोडचा सगळा प्रवाह मॉस्फेटकडे येईपर्यंत डायोड ते वरच धरून ठेवतो.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. आता ड्रेनचे व्होल्टेज खाली येऊ लागते, आणि गेट व ड्रेन यांच्यामधील कपॅसिटन्सचे एक टोक ड्रेनबरोबर खाली जात असल्यामुळे ड्रायव्हरने दिलेला जवळजवळ सगळा प्रवाह तो कपॅसिटन्सच घेतो. गेट-सोर्स व्होल्टेज वाढेनासे होते आणि ऑसिलोस्कोपवर सपाट पायरी दिसते, ती म्हणजे मिलर पठार. जॉन मिलर यांनी हा परिणाम १९२० साली व्हॅक्यूम ट्रायोडच्या संदर्भात मांडला होता. आजच्या मॉस्फेटमध्येही तो तसाच लागू पडतो. ड्रेनचे व्होल्टेज पूर्ण खाली आले की चौथ्या टप्प्यात गेट पुन्हा चढू लागते आणि १२ व्होल्टपर्यंत पोहोचते. त्यात ऑन-रोध (चालू असतानाचा रोध) थोडा कमी होतो, एवढेच.

ऊर्जा जळते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात, कारण तेव्हा व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही एकाच वेळी मॉस्फेटवर असतात. म्हणून स्विचिंगचा वेग म्हणताना या दोन टप्प्यांचाच विचार करावा. पहिला आणि चौथा टप्पा लांबला तर नियंत्रणाला उशीर होतो, पण मॉस्फेट तापत नाही.

हिशेब डेटाशीटमधील इनपुट कपॅसिटन्सवरून करावा की गेट चार्जवरून?

नेहमी गेट चार्जवरूनच करावा. आयआरएफ५४०एनचा इनपुट कपॅसिटन्स १९६० पिकोफॅरड दिलेला आहे. त्याला १० व्होल्टने गुणले तर सुमारे २० नॅनोकूलोम येतात, आणि डेटाशीटमधील कमाल गेट चार्ज मात्र ७१ आहे. कपॅसिटन्सचा आकडा चुकीचा नाही, पण तो ड्रेनवर २५ व्होल्ट असताना मोजलेला आहे. गेट-ड्रेन कपॅसिटन्स ड्रेनच्या व्होल्टेजप्रमाणे प्रचंड बदलतो: २५ व्होल्टवर तो ४० पिकोफॅरड आहे, आणि ड्रेन शून्याजवळ आल्यावर त्याच्या कित्येक पट होतो. गेट चार्जच्या आकड्यात हा सगळा बदल आधीच मिळवलेला असतो.

त्यातही वेगासाठी पाहायचा आकडा म्हणजे गेट-ड्रेन चार्ज, जो या मॉस्फेटसाठी कमाल २१ नॅनोकूलोम आहे. ड्रायव्हर १२ व्होल्टचा, पठार ५ व्होल्टवर आणि मार्गातील एकूण रोध साडेआठ ओहम धरला, तर चालू होताना ७ व्होल्ट भागिले ८.५, म्हणजे सुमारे ०.८ अँपिअर मिळतो आणि तिसरा टप्पा साधारण २५ नॅनोसेकंदांत संपतो. बंद होताना ड्रायव्हर शून्य व्होल्टला असतो, म्हणून चार्ज बाहेर ओढायला फक्त पठाराचे ५ व्होल्ट उरतात, प्रवाह ०.६ अँपिअर आणि वेळ सुमारे ३६ नॅनोसेकंद. बंद होणे चालू होण्यापेक्षा संथ का असते, याचे उत्तर येथेच मिळते. गेट रेझिस्टरला समांतर डायोड लावण्याची पद्धत यासाठीच आहे.

मायक्रोकंट्रोलरच्या पिनने थेट मॉस्फेट चालवला तर चालेल का?

फ्रिक्वेन्सीवर अवलंबून आहे. आयआरएफ५४०एन ५ व्होल्टवर पूर्ण चालू होण्याची खात्री नसते, म्हणून आयआरएलझेड४४एनसारखा लॉजिक-लेव्हल मॉस्फेट घेऊ. त्याचा गेट-ड्रेन चार्ज कमाल २५ नॅनोकूलोम आहे. पिनने २० मिलिअँपिअर दिले तर केवळ पठार ओलांडायला सव्वा मायक्रोसेकंद लागतो. १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा लोड २० किलोहर्ट्झने चालवला, तर चालू आणि बंद मिळून अडीच मायक्रोसेकंदांच्या संक्रमणात सरासरी दीड वॅट जळतो, आणि हीटसिंक नसलेला मॉस्फेट चांगलाच तापतो. तोच लोड आर्डुइनो उनोच्या नेहमीच्या सुमारे ४९० हर्ट्झच्या पीडब्ल्यूएमवर (पल्सची रुंदी बदलून लोड नियंत्रित करण्याच्या पद्धतीवर) चालवला तर हा व्यय ०.०४ वॅटच्या आत राहतो आणि ड्रायव्हरची गरजच पडत नाही. एलईडी पट्टीचा उजेड कमी-जास्त करण्यासाठी ड्रायव्हर आयसी लावा असा आग्रह धरणे मला म्हणूनच अनाठायी वाटते.

पीसी८१७ ऑप्टोकप्लर (प्रकाशाद्वारे सिग्नल पोहोचवून दोन परिपथ विलग ठेवणारा भाग) आणि गेटला १० किलोओहमचा पुल-अप ही जोडणी मात्र टाळावी. १० किलोओहम आणि २ नॅनोफॅरड यांचा कालस्थिरांक २० मायक्रोसेकंद होतो. विलगीकरण हवेच असेल तर टीएलपी२५०सारखा, गेट चालवण्यासाठीच बनवलेला ऑप्टोकप्लर वापरावा.

गेट रेझिस्टर काढूनच टाकला तर वेग कमाल होईल ना?

वाढेल, पण अमर्याद नाही. एक रोध मॉस्फेटच्या आतच असतो. गेट पॉलिसिलिकॉनचे असते आणि ते समांतर जोडलेल्या असंख्य सूक्ष्म पेशींपर्यंत पसरलेले असते. पॉलिसिलिकॉन धातूइतके सुवाहक नसल्याने गेटच्या पिनपासून दूरच्या पेशींना चार्ज उशिरा पोहोचतो. बाहेरून पाहता हा परिणाम साधारण एक ते काही ओहमच्या अंतर्गत रोधासारखा दिसतो. रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेल्या मॉस्फेटमध्ये धातूचे गेट वापरतात, त्याचे कारण हेच. याखेरीज ड्रायव्हरच्या आउटपुटचा स्वतःचा रोध असतोच.

रेझिस्टर काढण्यातला खरा धोका वेगळा आहे. गेटपर्यंतच्या तारेचा इंडक्टन्स आणि गेटचा कपॅसिटन्स मिळून एक अनुनादी परिपथ तयार होतो, आणि त्याला आवरणारा रोध नसेल तर गेटवर रिंगिंग, म्हणजे व्होल्टेजची वर-खाली दोलने, होते. बहुतेक मॉस्फेटच्या गेटची मर्यादा अधिक-उणे २० व्होल्ट असते. ती क्षणभर ओलांडली तरी ऑक्साइड फुटू शकते. मी दुरुस्त केलेल्या एका मोटर कंट्रोलरमध्ये मॉस्फेट बदलूनही पुन्हा पुन्हा जात होता. दोष मॉस्फेटमध्ये नव्हता, ड्रायव्हरपासून गेटपर्यंत ओढलेल्या हातभर तारेत होता. तार कापून ड्रायव्हर शेजारी आणला आणि १० ओहमचा रेझिस्टर घातला, त्यानंतर तो टिकला.

ड्रायव्हर दुप्पट ताकदीचा केला तरी प्रवाह चढण्याचा वेग वाढत नाही. असे का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण विचारायला हवा, कारण ड्रायव्हर चांगला असलेल्या परिपथात खरी मर्यादा बहुतेक वेळा हीच असते. सोर्सची पिन गेटच्या परिपथात आणि लोडच्या परिपथात सामाईक आहे. आयआरएफ५४०एनच्या डेटाशीटमध्ये सोर्सचा अंतर्गत इंडक्टन्स ७.५ नॅनोहेन्री दिला आहे. लोडचा प्रवाह नॅनोसेकंदाला १ अँपिअर या दराने वाढू लागला तर या इंडक्टन्सवर साडेसात व्होल्ट पडतात, आणि ते गेटच्या व्होल्टेजला विरोध करतात. ड्रायव्हरने बाहेरून १२ व्होल्ट दिले तरी आतल्या चिपला त्यातून हे साडेसात वजा होऊनच मिळतात.

याची कमाल मर्यादा सहज काढता येते. पठार ५ व्होल्टवर असेल तर इंडक्टन्ससाठी ७ व्होल्ट उरतात. ७ भागिले ७.५, म्हणजे नॅनोसेकंदाला सुमारे ०.९३ अँपिअर. २० अँपिअरचा प्रवाह चढायला २१ नॅनोसेकंद तरी लागणारच, मग गेटचा रोध शून्य करा किंवा ड्रायव्हर कितीही मोठा लावा. प्रत्यक्षात तर याहून अधिकच लागतात, कारण गेटमध्ये चार्ज ढकलायलाही काही व्होल्टेज उरावे लागते.

यावर उपाय आहेत, आणि ते ड्रायव्हरमध्ये नसून जोडणीत आहेत. पिना शक्य तितक्या आखूड कापाव्यात. ड्रायव्हरचा ग्राउंड लोडच्या परतीच्या ट्रॅकवर कुठेतरी न जोडता थेट सोर्सच्या पिनच्या मुळाशी जोडावा. लांब पिनांच्या टीओ-२२० पॅकेजऐवजी पृष्ठभागावर बसणारे पॅकेज वापरावे, किंवा चार पिनांचे टीओ-२४७ घ्यावे, ज्यात गेट-परिपथासाठी सोर्सची स्वतंत्र, केल्व्हिन पिन दिलेली असते.

गेटला १० ऐवजी १५ व्होल्ट दिले तर मॉस्फेट जलद चालतो का?

चालू होताना जलद, कारण पठाराच्या वर अधिक व्होल्टेज उरते. बंद होताना मात्र १५ वरून पठारापर्यंत उतरायला जास्त वेळ लागतो, म्हणजे विलंब वाढतो.

कमी लोडवर ड्रेनचे व्होल्टेज रांगत रांगत चढते. गेट-ड्राइव्हमध्ये दोष आहे का?

नाही. मॉस्फेट बंद झाल्यावर ड्रेनचे व्होल्टेज वर न्यायचे तर आउटपुट कपॅसिटन्स भरावा लागतो, आणि तो ड्रायव्हर भरत नाही, लोडचा प्रवाह भरतो. सरासरी ४०० पिकोफॅरड आणि ४८ व्होल्ट धरले तर सुमारे १९ नॅनोकूलोम होतात. अर्ध्या अँपिअरने ३८ नॅनोसेकंद, आणि ०.१ अँपिअरने १९०. चॅनल कधीच बंद झालेला असल्याने या संथ चढणीत ऊर्जा जळत नाही. एलएलसीसारख्या सॉफ्ट-स्विचिंग (व्होल्टेज शून्याजवळ असताना स्विच करणाऱ्या) परिपथांत तर या गोष्टीचा हेतुपुरस्सर उपयोग केला जातो.

हाफ-ब्रिजमध्ये वेग वाढवला की मॉस्फेट अधिक तापतो. हे उलटे कसे?

हाफ-ब्रिजमध्ये सप्लायवर दोन मॉस्फेट एकावर एक जोडलेले असतात आणि ते आळीपाळीने चालू होतात. येथे बॉडी डायोड आडवा येतो. मॉस्फेटचा चॅनल बहुसंख्य वाहकांवर चालतो, पण त्याच्याच शरीरातला डायोड हा साधा पीएन डायोड आहे आणि त्यात अल्पसंख्य वाहक साठतात. डेड-टाइममध्ये, म्हणजे दोन्ही मॉस्फेट बंद ठेवलेल्या मधल्या क्षणात, या डायोडमधून प्रवाह गेला, तर समोरचा मॉस्फेट चालू होताना तो साठा आधी काढावा लागतो, आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंमधून जवळजवळ शॉर्टसर्किटसारखा प्रवाह वाहतो. आयआरएफ५४०एनमध्ये हा रिकव्हरी चार्ज सुमारे ५०५ नॅनोकूलोम आहे. ४८ व्होल्ट आणि १०० किलोहर्ट्झवर त्यातून साधारण २.४ वॅट जातात, आणि गेट १२ व्होल्टने चालवायला लागतात ०.०९ वॅटच्या आत. समोरचा मॉस्फेट जितक्या झपाट्याने चालू करावा, तितके रिकव्हरी प्रवाहाचे शिखर उंच होते. अशा परिपथात चालू होण्याचा वेग गेट रेझिस्टरने मुद्दाम आवरला तर एकूण तापमान कमी झालेले दिसू शकते.

दुसरे कारण म्हणजे खोटे चालू होणे. वरचा मॉस्फेट झटक्यात चालू झाला की खालच्या, बंद असलेल्या मॉस्फेटचा ड्रेन वर उसळतो. नॅनोसेकंदाला १० व्होल्ट हा दर आणि ४० पिकोफॅरड धरले तर गेट-ड्रेन कपॅसिटन्समधून ०.४ अँपिअर गेटकडे येतो. बंद करण्याच्या मार्गात ५ ओहम असतील तर गेटवर २ व्होल्ट उभे राहतात. या मॉस्फेटचा थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट आहे, आणि गरम झाल्यावर तो उतरतो. ड्रेन शून्याजवळ असताना हा कपॅसिटन्स याहून बराच मोठा असतो, हेही ध्यानात घ्यावे. दोन्ही मॉस्फेट क्षणभर एकत्र चालू झाले की सप्लायच शॉर्ट होतो.

मग वेग किती ठेवावा?

हा निर्णय आहे आणि तो परिपथ आखणाऱ्यानेच घ्यायचा असतो. संथ केले तर स्विचिंग व्यय वाढतो: ४०० व्होल्ट, १० अँपिअर, १०० किलोहर्ट्झ आणि दोन्ही संक्रमणे मिळून ५० नॅनोसेकंद असतील तर १० वॅट, १०० नॅनोसेकंद असतील तर २० वॅट. जलद केले तर सप्लायच्या लूपचा इंडक्टन्स त्रास देतो. २० नॅनोहेन्रीचा लूप आणि नॅनोसेकंदाला १ अँपिअर म्हणजे २० व्होल्टची उसळी. ८० व्होल्टच्या सप्लायवर १०० व्होल्टचा मॉस्फेट त्यात थेट मर्यादेवर पोहोचतो. हाच २० नॅनोहेन्री आणि २५० पिकोफॅरड मिळून सुमारे ७० मेगाहर्ट्झवर रिंगिंग करतात, आणि ते शेजारच्या रेडिओला ऐकू जाते.

माझे मत असे, की आधी लूप लहान करावा, सिरॅमिक कपॅसिटर मॉस्फेटला खेटून लावावा, आणि मगच गेट रेझिस्टर कमी करत जावे. लूप मोठा ठेवून केवळ रेझिस्टर वाढवणे म्हणजे मांडणीतील चुकीची किंमत प्रत्येक आवर्तनात उष्णतेच्या रूपाने मोजत राहणे होय.

तापमान वाढल्यावर वेग कमी होतो का?

फारसा नाही. ऑन-रोध लक्षणीय वाढतो, पण चार्ज जवळजवळ तेवढाच राहतो.

मोठा मॉस्फेट घेतला किंवा दोन समांतर लावले तर?

ऑन-रोध निम्मा होतो आणि गेट चार्ज दुप्पट. म्हणून मॉस्फेटची तुलना करताना ऑन-रोध आणि गेट चार्ज यांचा गुणाकार पाहतात. चांगल्या भागात तो लहान असतो. गरजेपेक्षा मोठा मॉस्फेट "सुरक्षित" म्हणून निवडणे कमी फ्रिक्वेन्सीवर योग्य ठरते, पण ३०० किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरमध्ये तेच नुकसानीचे होते. समांतर मॉस्फेटना प्रत्येकी वेगळा गेट रेझिस्टर द्यावा. एकच सामाईक ठेवला तर त्यांची गेटे आपसात दोलन करू शकतात.

सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड यांनी या मर्यादा संपवल्या आहेत का?

चार्जची मर्यादा त्यांनी खूप मागे सारली आहे. हे पदार्थ सिलिकॉनपेक्षा कितीतरी तीव्र विद्युतक्षेत्र सहन करतात, म्हणून तेवढ्याच व्होल्टेजसाठी थर पातळ चालतो, चिप लहान होते आणि चार्ज घटतो. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये पीएन बॉडी डायोड नसल्याने रिकव्हरी चार्जही नसतो. पण तारांचा इंडक्टन्स पदार्थ बदलल्याने बदलत नाही, उलट वेग वाढल्याने तोच प्रमुख होतो. म्हणून गॅलियम नायट्राइडचे भाग बहुधा पिना नसलेल्या पॅकेजमध्ये येतात. गॅलियम नायट्राइडच्या गेटला साधारण ५ ते ६ व्होल्टच देता येतात आणि वरची मर्यादा अगदी लगत असते, त्यामुळे गेटच्या रिंगिंगला तेथे जवळजवळ वावच नाही. मोटर ड्राइव्हमध्ये तर सिलिकॉन कार्बाइडचा वेग मुद्दाम आवरावा लागतो, कारण व्होल्टेजच्या अतिवेगवान कडांमुळे मोटरच्या वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर ताण येतो आणि बेअरिंगमधून प्रवाह वाहू लागतो.

ऑसिलोस्कोपवर दिसणाऱ्या वेळांवर विश्वास ठेवावा का?

आधी ऑसिलोस्कोपचा स्वतःचा वेळ तपासावा. ०.३५ भागिले बँडविड्थ या सूत्राने १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप ३.५ नॅनोसेकंदांपेक्षा जलद कड दाखवू शकत नाही. २० मेगाहर्ट्झची मर्यादा चुकून चालू राहिली असेल तर १७.५. प्रोबची मगर-क्लिप असलेली लांब ग्राउंड तार साधारण १५० नॅनोहेन्रीची धरली, तर प्रोबच्या १० पिकोफॅरडबरोबर ती १३० मेगाहर्ट्झच्या आसपास रिंगिंग करते आणि परिपथात नसलेली उसळी पडद्यावर दाखवते. ती तार काढून प्रोबच्या टोकाजवळची आखूड स्प्रिंग वापरावी, आणि प्रोबचे टोक व ग्राउंड दोन्ही एकाच ग्राउंड-बिंदूला लावून पाहावे. तेव्हाही पडद्यावर लाटा दिसत असतील, तर आपण मॉस्फेट नव्हे, प्रोब मोजत आहोत.